शिशाची विषबाधा : सुरमेदानीपासून भंगारापर्यंत

शिसे हा जड धातू आहे. शरीराला त्याचा काडीचाही उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबईतील लहान मुलांच्या रक्तातील शिसे तपासले गेले होते. तेव्हा मोठा दोष पेट्रोलचा होता. २००० पासून देशात शिसेमुक्त पेट्रोल आले, पण इतर वाटा उघड्याच राहिल्या. नरसिंहपूर, इंदापूर, बारामतीकडच्या घरांनाही त्या ओळखीच्या आहेत.

शिसे कुठून येते?

• सुरमा : हदीसमध्ये उल्लेख इस्मिदचा आहे. बाजारातला बराच सुरमा मात्र गॅलेना, म्हणजे शिशाच्या खनिजाचा असतो. दिसायला दोन्ही काळे, चमकदार. बाळ डोळे चोळते, बोटे तोंडात घालते आणि शिसे पोटात जाते.
• कलई : ती शुद्ध कथलाची हवी. स्वस्तात पडावी म्हणून शिसे मिसळले, तर चिंच-टोमॅटोच्या आंबट सालनात ते उतरते.
• भिंतीचा जुना, पोपडे निघालेला रंग.
• भंगारात फोडलेल्या गाडीच्या बॅटऱ्या. त्यांची धूळ कपड्यांवरून घरात येते.

परिणाम

शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते आणि हाडांत वर्षानुवर्षे साठते. गरोदर आईकडून ते पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे, चिडचिड ही लक्षणे दिसतात; कित्येकदा काहीच दिसत नाही. वर्गात लक्ष न लागणाऱ्या प्रत्येक मुलाला शिसे बाधले असे नाही, पण "हा मठ्ठच आहे" म्हणण्याआधी हेही कारण असू शकते, हे ध्यानात ठेवावे. मेंदूचे झालेले नुकसान बहुधा भरून येत नाही.

काय करावे?

बाळाच्या डोळ्यात सुरमा-काजळ घालू नये. दादी-नानींना हे अदबीने समजावून सांगावे. भंगार-बॅटरीचे काम करणाऱ्यांनी अंघोळ करून, कपडे बदलूनच मुलांना उचलून घ्यावे. लोह व कॅल्शियम कमी असले की शिसे जास्त शोषले जाते. म्हणून पालेभाज्या, खजूर, दूध, नाचणी द्यावी. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातील शिशाची तपासणी करावी. पहिला इलाज एकच : शिसे येण्याची वाट बंद करणे.