हालचालींच्या सांध्याचा इतिहास

संगणकावर घडविलेले एखादे पात्र चालता चालता धावू लागते, तेव्हा त्या दोन क्रियांमधल्या निमिषमात्र संक्रमणासाठी केवढी विद्वत्ता खर्ची पडली आहे, हे प्रेक्षकाच्या ध्यानी येत नाही. आणि ते येऊ नये यासाठीच तर सारी खटपट. चालण्याची क्लिप निराळी, धावण्याची निराळी. एकीचा अंमल क्रमाक्रमाने उतरवीत दुसरीचा चढवीत नेणे, हेच ब्लेंडिंग.

पहिली अडचण सांध्यांच्या भ्रमणाची होती. खांद्याचे वळण तीन कोनांत मांडून त्या कोनांची सरासरी काढू गेल्यास हात भलत्याच वाटेने फिरे. या संकटावरील उपाय मात्र पूर्वीच सिद्ध होता: १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनच्या रॉयल कालव्याकाठाने जात असता गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन यांना क्वाटर्नियनचे, म्हणजे भ्रमण मांडता येणाऱ्या चार घटकांच्या संख्यांचे, सूत्र स्फुरले आणि तेथल्या पुलाच्या दगडावर त्यांनी ते कोरले. १९८५ मध्ये केन शूमेक यांनी तेच गणित अ‍ॅनिमेशनमध्ये आणून एका स्थितीतून दुसरीत जवळच्या वाटेने आणि एकसारख्या गतीने जाण्याची रीत घालून दिली.

तरीही पाऊल घसरतच राहिले. एका क्लिपमध्ये डावा पाय जमिनीवर रोवलेला आणि दुसरीत तोच अधांतरी असला, तर त्यांच्या मिश्रणातून धड टेकलेला नाही नि धड उचललेला नाही असा पाय निघतो. दोन गायकांनी वेगवेगळ्या क्षणी सम गाठावी, तसा तो प्रकार. म्हणून १९९५ मध्ये ब्रुडर्लिन आणि लान्स विल्यम्स यांनी दोन्ही हालचालींचा काळ ताणून-आवळून आधी जुळवावा आणि मगच त्या मिसळाव्यात, असा मार्ग दाखविला.

परंतु माझ्या मते खरी प्रगल्भता आली ती २००२ मध्ये, जेव्हा कोव्हार, ग्लायकर आणि पिगिन यांनी मोशन कॅप्चरच्या, म्हणजे खऱ्या माणसांच्या टिपून घेतलेल्या हालचालींच्या, साऱ्या दफ्तरातील प्रत्येक क्षण दुसऱ्या प्रत्येक क्षणाशी ताडून पाहिला आणि जेथे शरीराची ठेवण व गती खरोखर मिळतीजुळती आहे, तेथेच सांधा घालण्याची मुभा ठेवली. वाटेल त्या दोन हालचाली बळाने एकत्र आणण्याचा हट्ट त्यांनी सोडला, आणि त्या संयमानेच पात्रांना सलग, विश्वसनीय चाल लाभली.

एवढे करूनही उरलेली घसरण त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निबंधात दूर करण्यात आली: पाऊल टेकण्याचे क्षण निश्चित करून त्या क्षणी पाऊल जागीच खिळवावयाचे आणि त्याला अनुसरून गुडघा वाकवावयाचा. असे करताना पाय पुरता सरळ होण्याच्या सुमारास गुडघा झटका खाई, तेव्हा कोव्हार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांची लांबी किंचित वाढू देण्याची तजवीज केली, आणि ही वाढ डोळ्याला सहसा जाणवत नाही.