तळटीप १४ : ‘आत्ता’

यंत्राला ‘आत्ता’ कळते, हे लेखकाचे विधान अर्धेच खरे आहे. घड्याळ वाचणे वेगळे आणि ‘आत्ता’ धरून विचार करणे वेगळे. उदाहरणार्थ, नागपूरच्या सीताबर्डी स्थानकात ऑरेंज आणि ॲक्वा या मेट्रो मार्गिका एकमेकींना छेदतात. तिथे गाडी बदलायची की नाही, याचा हिशेब यंत्राने ‘५ वाजून १० मिनिटे’ धरून मांडायला घेतला आणि त्या हिशेबातच दोन मिनिटे गेली, तर उत्तर बिनचूक येते. गाडी मात्र गेलेली असते. जेनिफर एल्गॉट-ड्रॅपकिन आणि डोनाल्ड पर्लिस यांनी १९९० मध्ये यावर तोड सुचवली : तर्काच्या प्रत्येक पायरीला ‘आत्ता’ एका घराने पुढे सरकवायचा. म्हणजे विचार करायलाही वेळ लागतो, ही गोष्ट यंत्राच्या खात्यात जमा होते. आजच्या संवादी प्रणालींना तर आजची तारीखही बाहेरूनच पुरवावी लागते. नागपूरकरांनी त्यांना हसू नये. आपले घड्याळही ८२.५ अंश पूर्व रेखांशाकडून उसने घेतलेले आहे. नागपूरच्या स्थानिक सरासरी सूर्यवेळेपेक्षा ते सुमारे १४ मिनिटे पुढे असते. — संपा.