जनाबाईंचा ‘लेखक’ कोण? : पोथी आणि तिचे लेखनिक

संतसाहित्याच्या अभ्यासात कवीचा काळ, संप्रदाय आणि तत्त्वज्ञान यांची चर्चा विपुल झाली आहे. कवीचा शब्द कागदावर उतरवणारा हात मात्र आपल्या विवेचनात क्वचितच येतो. परंपरेला त्या हाताचे विस्मरण झाले नव्हते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ (इ. स. १२९०) या काळाबरोबर सच्चिदानंदबाबांचा उल्लेख येतो आणि त्यांना ‘लेखक’ म्हटले आहे. जुन्या मराठीत लेखक म्हणजे लिहून घेणारा. रचणारा तो कवी. आज आपण एकाच शब्दात दोन्ही कामे कोंबली आणि त्यांतले एक विसरून गेलो.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. त्यांच्या नावावरील एका अभंगात संतांच्या लेखनिकांची यादीच आहे. ज्ञानदेवांचे अभंग चिदानंदबाबांनी लिहिले, निवृत्तीचे बोल सोपानांनी, मुक्ताईची वचने स्वतः ज्ञानदेवांनी. सावता माळ्यांचा लेखनिक काशीबा गुरव, तर चोखामेळ्यांचा अनंतभट्ट. शेवटी जनी सांगते की तिचा लेखनिक खुद्द पांडुरंग. भक्तीच्या अंगाने हा चमत्कार मधुर आहे. आम्हांला त्यात एक कठोर वस्तुस्थितीही दिसते. यादीतल्या प्रत्येकाला कोणीतरी माणूस मिळाला. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या दासीला मात्र सांगण्याजोगे मानवी नाव मिळाले नाही, आणि त्या रिकाम्या जागी देव येऊन बसला. शूद्राच्या, अंत्यजाच्या आणि स्त्रीच्या शब्दाला कागदापर्यंत पोचण्यासाठी दुसऱ्याचा हात लागत होता, हे मध्ययुगीन वाङ्मयाचे वास्तव या छोट्या यादीत नोंदले गेले आहे. ही यादी तरी मुळात जनाबाईंचीच कशावरून, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. आणि त्याचे उत्तर शोधायलाही पुन्हा लेखनिकांच्या बाडांकडेच जावे लागते.

म्हणून पोथीचे शरीर पाहणे आवश्यक ठरते. आडव्या, सुट्या पानांची ती पोथी; शिवलेली वही ते बाड. धार्मिक ग्रंथ बहुधा बाळबोधीत, व्यवहाराचे दप्तर मोडीत. कागद हाती बनवलेला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातील कागदाची ख्याती जुनी आहे. लेखणी बोरूची, शाई काजळ आणि डिंक यांची. पानाच्या दोन्ही अंगांना समास सोडलेला, त्याच्या रेघा व ओव्यांचे दंड पुष्कळदा तांबडे. चूक झाली की त्यावर पिवळा हरताळ फासून पुन्हा लिहायचे. लेखन संपल्यावर पाने फळ्यांमध्ये ठेवून बासनात बांधायची. ‘हरताळ फासणे’ आणि ‘बासनात गुंडाळणे’ हे वाक्प्रचार आपण रोज वापरतो. लेखनिकाचा व्यवसाय लोपला तरी त्याची हत्यारे भाषेत शिल्लक आहेत.

या शरीराचा संहितेशी थेट संबंध असतो. जुन्या पोथीत शब्द तोडून लिहीत नसत. ते कोठे तोडावेत हे वाचणारा ठरवी, आणि एका चुकीच्या पदच्छेदातून नवाच अर्थ जन्मे. घ आणि ध, प आणि ष यांची गल्लत होई. लागोपाठच्या दोन ओव्या एकाच शब्दाने संपल्या की नजर घसरून मधली ओवी गळे. याउलट, समासात कोणी लिहिलेली टीप पुढच्या नकलेत मूळ संहितेत शिरे. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अशाच पाठभेदांमुळे. या ग्रंथात पदरची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे होय, असा इशारा त्या शुद्धीकरणाशी जोडला गेला आहे. ओव्या घातल्या जात होत्या, म्हणूनच असा इशारा द्यावा लागला.

महानुभावांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यामुळे ते शतकानुशतके बाहेरच्या वाचकापासून झाकलेले राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची उकल झाली, तेव्हा मराठी गद्याचा इतिहासच पालटला.

इंग्रजीतही हा प्रश्न जुनाच आहे. चौदाव्या शतकातील कवी चॉसरने ॲडम नावाच्या आपल्या लेखनिकाला एका छोट्या कवितेत दटावले आहे. त्याच्या चुका खरवडून काढण्यात कवीचा वेळ जातो. हा ॲडम म्हणजे ॲडम पिंकहर्स्ट आणि ‘कँटरबरी टेल्स’च्या दोन प्रमुख हस्तलिखितांतील अक्षर त्याचेच, असे लिन मूनी यांनी २००४ मध्ये मांडले. पुढे त्यावर आक्षेपही घेतले गेले. एका नावासाठी तेथे अक्षरांची वळणे तपासत विद्वान वाद घालतात. आपल्याकडे पोथीच्या शेवटच्या पानावर लेखनिक अनेकदा शक, संवत्सर, तिथी, गाव आणि स्वतःचे नाव सरळ नोंदवतो. पाठ, कंबर आणि मान मोडून लिहिले आहे, तेव्हा तेल, पाणी आणि मूर्खाचा हात यांपासून पोथी जपा, अशी विनवणीही करतो. छापील आवृत्तीत हा समाप्तिलेख बहुधा गळतो, कारण तो ‘काव्य’ नव्हे.

गोदाकाठच्या घरांत जीर्ण पोथी गंगेत सोडण्याची रीत आहे. त्या श्रद्धेचा आम्ही अनादर करीत नाही. पण सोडण्यापूर्वी निदान शेवटचे पान वाचावे, त्याचे छायाचित्र घ्यावे, एवढे काम मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला करता येईल. जनाबाईंचे अभंग आपल्यापर्यंत आले ते कोणीतरी ऐकून, कोणीतरी लिहून, कोणीतरी पुन्हा उतरवून. पांडुरंगाच्या नावामागे उभे असलेले ते हात कोणाचे होते, याचा पुरावा कोठे उरला असेल तर तो अशाच एखाद्या बासनात असेल.