अर्धवट धनुष्य

धाप लागली ना? लागणारच. आल्प्समधली टिझेनयोखची ही खिंड ३,२१० मीटरवर आहे आणि तुम्ही तब्बल ५,३०० वर्षं मागे चालत आलात. त्या खडकाआड बसा. समोर तो जेवतोय.

जेमतेम १६० सेंटिमीटर उंची, सावळा, पंचेचाळिशीच्या आसपासचा. अस्वलाच्या कातड्याच्या टोपीखाली बहुधा टक्कल पडत चाललंय. आयबेक्स नावाच्या रानबोकडाचं चरबीदार मांस आणि जोडीला गहू, असं पोटभर जेवण चाललंय. जीव मुठीत धरून पळणारा माणूस असा निवांत जेवेल?

पण त्याचा उजवा पंजा पाहा. अंगठ्याजवळचा खोल घाव जेमतेम काही दिवसांचा आहे. गेल्या दोन-तीन दिवसांत तो डोंगर चढला, दरीत उतरला, पुन्हा चढला. आतड्यातल्या परागकणांनी हे पुढे सांगितलं. शेजारी धनुष्य टेकवलंय, १.८२ मीटरचं, त्याच्याहून उंच आणि नुसतंच तासलेलं. भात्यात १४ बाण, त्यातले वापरण्याजोगे दोनच. भुर्जाच्या सालीच्या डब्यात निखारे गुंडाळायला मेपलची पानं आहेत, अजून हिरवीगार. घाई आहे तर. तरीही जेवतोय.

उठताना गुडघ्यावर हात टेकतो. गुडघा, घोटे, कंबर इथे त्याने गोंदवून घेतलंय. सगळ्या मिळून ६१ खुणा. नटायला म्हणावं तर कंबरेवरच्या रेघा कपड्याआड जातात. ठणकणाऱ्या सांध्यांवरचा तो इलाज असावा.

हाक मारावीशी वाटतेय? मारू नका, ऐकू जाणार नाही. बाण पाठीमागून येतो, डाव्या खांद्यात रुततो आणि मोठी रक्तवाहिनी फाडतो. चकमकीच्या दगडाचं ते टोक तसंच आत राहील. १९ सप्टेंबर १९९१ ला एका जर्मन जोडप्याला वितळत्या बर्फात हा देह दिसेल, तेव्हा अलीकडेच मेलेला गिर्यारोहक वाटेल तो. बाणाचं टोक क्ष-किरणांत दिसायला आणखी दहा वर्षं जातील, २००१ उजाडेल.

सध्या मात्र त्याच्याजवळ कुऱ्हाड पडलीय. यू लाकडाचा दांडा आणि दूर टस्कनीतल्या खनिजातून गाळलेलं, जवळजवळ शुद्ध तांबं. लुटायला आलेल्या माणसाने हीच आधी उचलली असती. मारेकऱ्याने तिला हात लावलेला नाही.

तुम्हीही लावू नका.