फलनांच्या समतेचा प्रश्न
दोन फलने समान केव्हा मानावयाची? प्रत्येक आदानास दोन्ही एकच उत्तर देतील तेव्हा, असे गणित सांगते. परंतु हे ठरविणारी सर्वसामान्य यांत्रिक रीत अस्तित्वातच असू शकत नाही, हे राइसच्या १९५३ सालच्या सिद्धांतावरून निष्पन्न होते. पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये फलनाची संहिता व तिचा परिसर यांच्या जोडीस ‘क्लोजर’ हे नाव दिले. त्या जोडीचा स्मृतीतील पत्ता ताडून पाहावा, हा कंपायलरकर्त्यांना पडणारा मोह स्वाभाविक खरा, पण फसवा होय. बाहेरचे एकही चल न वापरणारे क्लोजर एकदाच घडवावे की दर वेळी नवे, हे कंपायलरच्या काटकसरीवर अवलंबून राहते. जेनेरिक फलनाच्या तर प्रकारागणिक निरनिराळ्या प्रती निघतात, आणि त्यांतील तंतोतंत सारख्या प्रती काही लिंकर पुन्हा एकत्र करतात!

स्टँडर्ड एमएलच्या १९९० च्या व्याख्येने समतायोग्य प्रकारांतून फलने सरळ वगळली. गो भाषेनेही २०१२ च्या पहिल्या आवृत्तीत, प्रामुख्याने क्लोजरच्या अडचणीमुळे, ही तुलना काढून घेतली. स्कीमची वाट मात्र वाकडी आहे. तिच्या १९९८ च्या पाचव्या अहवालानुसार फलन स्वतःशी समान होते. २००७ च्या सहाव्या अहवालाने तेही अनिश्चित ठेवले, आणि २०१३ च्या सातव्याने ती समता पुन्हा मान्य केली.