टेकडीवरचा खेळ आणि खरेपणा

डिस्क गोल्फ म्हणजे काठी-चेंडूऐवजी चकतीने खेळायचा गोल्फ. 1975 साली एड हेडरिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याचं पहिलं कायमचं मैदान आखलं. तेव्हा लक्ष्य म्हणजे नुसते खांब. चकती खांबाला लागली की नाही, यावरून भांडणं व्हायची. म्हणून हेडरिकांनी खांबाला साखळ्या लावल्या, खाली टोपली बसवली. साखळीला आपटून चकती टोपलीत पडली, की वाद संपला.

पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती टोपलीपर्यंतची वाट. सांताक्रूझच्या डेलाव्हिएगा पार्कमधलं मैदान लांब आणि चढउताराचं. तिथला 27वा टप्पा, 'टॉप ऑफ द वर्ल्ड'. माथ्यावरून फेकलेली चकती हवेत जास्त वेळ राहते, वारा तिला कुठेही नेतो. ती झाडीत शिरली, तर कुठे सापडली, पुढची फेक कुठून घ्यायची? रोजच्या खेळात पंच नसतोच. ते ज्याचं त्यानेच खरं सांगायचं.

तेव्हा आपण एवढं ध्यानात घेऊ: एक नियम हेडरिकांना लोखंडात बसवता आला. बाकीचे आजही खेळणाऱ्याच्या शब्दावरच चालतात.