एक प्रत, पुष्कळ वाचक

पुणे–नाशिक रस्त्यावरचं कुरुळी आज चाकणच्या कारखान्यांच्या शेजारचं गाव म्हणून ओळखलं जातं, पण ते ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्यात आळंदीही आहे. या पट्ट्यात पुस्तकाचा इतिहास शोधायचा तर छापखान्याच्या आधीपासून, पोथीपासून सुरुवात करावी लागते. श्रीधरांचे ‘हरिविजय’ (1702) आणि ‘पांडवप्रताप’ (1712) महाराष्ट्रातल्या गावोगावच्या देवळांत नि ओसऱ्यांवर वाचले गेले ते असे: अक्षरओळख असलेला एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार, अध्याय संपला की उरलेली गोष्ट उद्यावर. 1901 च्या जनगणनेत देशातले साक्षर शंभरात पाच-सहाच भरले. त्या काळी कथेचे ‘वाचक’ मोजायचे तर या श्रोत्यांना वगळून कसं चालेल? मराठी माणूस पुस्तकं विकत घेत नाही, म्हणून तो वाचत नाही, हा आपला लाडका निष्कर्ष मला म्हणूनच कच्चा वाटतो. आपल्याकडे गोष्ट मालकीची होण्याआधी सामाईक होती आणि कादंबरी आली ती याच सवयीच्या वाटेने.

बाबा पद्मनजींचं ‘यमुनापर्यटन’ 1857 चं, पण कादंबरी खऱ्या अर्थाने घरोघर शिरली ती हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून. 1890 पासून ‘पण लक्षात कोण घेतो’ तिथे क्रमशः येऊ लागली. पुढचं प्रकरण पुढच्या अंकात, म्हणजे पोथीवाल्या श्रोत्याला ओळखीचीच थांबण्याची रीत; फक्त देवांच्या जागी आता पुण्यातलं एक घर आणि त्या घरातली बाई. दुसरी वाट ग्रंथालयांची. पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. वर्गणी भरा, पुस्तक न्या, परत करा. पुढे खाजगी फिरत्या वाचनालयांनी हेच रोजच्या भाड्यावर केलं आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, काकोडकरांच्या कादंबऱ्या पानं सुटेपर्यंत फिरल्या. (समीक्षकांनी या पुस्तकांना वाङ्मयाच्या इतिहासात बसायला पाटही दिला नाही, पण वाचनाचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिता येत नाही.) हजार-अकराशे प्रतींची मराठी आवृत्ती या हिशेबात घातली की ती दिसते तितकी केविलवाणी राहत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की पोथी पुण्यासाठी ऐकली जाते आणि कादंबरी एकट्याने, मनातल्या मनात वाचायची असते. दोन्हींची मोट बांधणं चुकीचं. आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः स्त्रियांबाबत. पोथी ऐकणाऱ्या बाईला कुणी अडवलं नाही, पण स्वतः पुस्तक हाती घेतलं म्हणून घरातल्या बायकांकडून काय ऐकून घ्यावं लागलं ते रमाबाई रानड्यांनी 1910 साली आठवणींत लिहून ठेवलं आहे. तेव्हा एकांतातलं वाचन ही झगडून मिळवलेली गोष्ट होती, हे मान्य. मात्र वाचन एकट्याचं झालं तरी प्रत एकट्याची झाली नाही, आणि माझा मुद्दा प्रतीपुरताच आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: सामाईक वाचनाने लेखक उपाशी राहिला आणि प्रकाशक सरकारी खरेदीच्या आशेवर जगू लागला. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानाच्या बळावर राज्यातली सार्वजनिक ग्रंथालयं बारा हजारांवर गेली. 2012 च्या पडताळणीत त्यातल्या कित्येकांत त्रुटी निघाल्या. पण तो दोष तपासणीतल्या ढिलाईचा, सामाईक वाचनाचा नव्हे. 1962 ची ‘स्वामी’ आणि 1967 ची ‘मृत्युंजय’ वाचनालयांतून अखंड फिरल्या आणि त्यांच्या आवृत्त्याही निघतच राहिल्या. उसनं वाचलेलं आवडलं की माणूस विकतही घेतो.

कारखान्यांच्या पट्ट्यात आज हे उसनेपण फोनवर आलं आहे. विदर्भ-मराठवाड्यातून आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार कपाट बाळगत नाही. कादंबरी त्याच्यापर्यंत पीडीएफ होऊन येते. ही जुन्या रिवाजाचीच पुढची पायरी म्हणावी, असा मोह होतो, पण तसं म्हणता येत नाही. वाचनालयातली प्रत झिजायची, फाटायची, हरवायची आणि वाचकांनी मागणी केली की दुसरी विकत आणावी लागायची; फोनवरची प्रत मुळात कुणी विकत घेतलेली नसली तरी चालते आणि ती कधीच झिजत नाही.